देपालपुरच्या गोदामातलं वाक्य

यंदा गराडू उशिरा आले. दिवाळी होऊन गेली, सकाळी इंदूरच्या पलासिया सिग्नलला दुचाकीवाले कान झाकून उभे राहू लागले, तरी कुठे कढया चढलेल्या दिसेनात. मग परवा भाजीवालीच्या हातगाडीवर मातीने माखलेले ते लांबट, वेडेवाकडे कंद दिसले. तिने सवयीने विचारलं, "कितना दूँ भाभीजी, दो किलो?" मी एकच उचलला. तिला वाटलं, भावामुळे मी हात आखडता घेतेय. तिने आपणहून आणखी एक पिशवीत टाकला. मला नको म्हणता आलं नाही.

आमच्या घरात हिवाळा पंचांगाने ठरत नसे. गराडू आले की माझा नवरा, अविनाश, म्हणायचा, "चला, तालमी." मग बैठकीतलं टेबल भिंतीला लागायचं, खुर्च्या गच्चीवर जायच्या आणि संध्याकाळी सहापासून आमच्या घरात माणसं रडायची, भांडायची, एकमेकांना क्षमा करायची. मी आत गराडूच्या फोडी तळायची. एकदा तळून, दाबून, पुन्हा तळायच्या; वर जिरावणाचा मसाला, लिंबू. बाहेर कुणीतरी मरत असायचं आणि मरता मरता विचारायचं, "वहिनी, झाले का?"

अविनाश श्रावणात गेला. टेबल खोलीच्या मधोमध आहे आणि ते हलवायचं काही कारण उरलेलं नाही. त्या टेबलावर बसून मी हे लिहिते आहे. खरं तर मला एका जुन्या हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे. त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मादाम एलियान इंदूरला होत्या.

मादाम फ्रान्समधल्या एका गिरणगावातल्या. तिथल्या कापडगिरण्या बंद पडल्या, तेव्हा त्यांनी नगरपालिकेशी भांडून एका गिरणीचं नाट्यगृह केलं आणि ते वर्षानुवर्षं चालवलं. कुठलं नाटक आणायचं, कुणाला तालमीला जागा द्यायची, बाकं कशी लावायची, हे सगळं त्या बघत. त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली होती. स्वतः कधी रंगमंचावर गेल्या नाहीत. "मी घर सांभाळणारी," असं त्या स्वतःबद्दल सांगत. कुठल्याशा देवाणघेवाणीच्या योजनेतून त्यांना चार महिने इथे पाठवलं होतं, इथल्या नाटकमंडळांनी आपलं काम कसं चालवावं ते सांगायला. त्यांना इंग्रजी जेमतेम येई. मी लग्नाआधी पुण्यात फ्रेंच शिकले होते आणि इथे एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. गावात फ्रेंच येणारी मराठी बाई म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. मी त्यांची दुभाषी झाले.

विमानतळावरून येताना गाडी बंद गिरणीच्या भिंतीजवळून गेली. त्यांनी गाडी थांबवायला लावली. उंच धुराडं, भिंतीतून फुटलेला पिंपळ, कुलूप घातलेलं लोखंडी दार. त्यांनी दाराच्या फटीला डोळा लावला. "आत काय आहे?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या गावातही सगळे हेच सांगायचे." पुढचे चार महिने त्या दाराची किल्ली मिळावी म्हणून आम्ही कितीतरी कचेऱ्यांत बसलो. किल्ली मिळाली नाही. ज्या साहेबांकडे ती असल्याचं कळायचं, त्यांची आम्ही पोहोचेपर्यंत बदली झालेली असायची.

त्यांच्या काही पद्धती होत्या. नाटक ठरल्या मिनिटाला सुरू. दीप नाही, हार नाही, प्रमुख पाहुणा नाही. नाटक संपलं की खुर्च्या गोल मांडायच्या आणि प्रत्येकाने आपण काय पाहिलं ते सांगायचं. आवडलं की नाही हे नंतर. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पहिल्याच दिवशी नारळ-शाल घेऊन आले आणि वीस मिनिटं बोलले. मादाम मला म्हणाल्या, "यांना सांगा, की यांच्या भाषणाने नटांचा वेळ गेला." मी अध्यक्षांना म्हटलं, "मादाम म्हणतात, भाषण थोडक्यात असतं तर आणखी रंगलं असतं." अध्यक्ष खूश झाले. "बघा, किती मार्मिक बाई आहे."

असं ते सुरू झालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. या गावात एका वाक्यात तीन भाषा येतात आणि वाटेत काही सांडलं असं कुणाला वाटत नाही. पुण्याहून नवी आले तेव्हा मी हसायची. दहा वर्षांत मीही "अरे भिया, वो तो ठीक आहे पण" म्हणायला लागले. इथे बोलणं म्हणजे समोरच्याला बसायला जागा करून देणं. मादामचं बोलणं मात्र सरळ होतं. त्यांच्यात राग नसायचा, उलट प्रेमच असायचं, पण ते त्यांच्या वाक्यात कुठे दिसायचं नाही. ते मी घालायची. थोडं इकडे, थोडं तिकडे. इंदूरला जी मादाम आवडली, तिच्यातली निम्मी माझी होती.

आवडल्या मात्र खूप. कचोरीवाला त्यांना "मैडमजी" म्हणून आधी द्यायचा. मंडळातल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला घेऊन गेल्या आणि त्यांनी तिथेही सगळ्यांना गोल बसवून विचारलं, की हे कशासाठी करता. बायका दोन तास बोलल्या. त्या संक्रांतीला मी माझ्या शेजारणीबद्दल जे ऐकलं, ते पंधरा वर्षांच्या शेजारात ऐकलं नव्हतं.

आणि मग देपालपुर.

अविनाशचं नाटक त्या वर्षी इंदूरजवळच्या देपालपुरला एका धान्य-व्यापाऱ्याच्या गोदामात होतं. मादामचीच कल्पना: नाटक तयार झालं की आधी अशा ठिकाणी न्यायचं, जिथे लोक उगाच टाळ्या वाजवत नाहीत. दुपारची वेळ. वाटेत दोन्हीकडे हिरवा गहू, मधे एके ठिकाणी कोवळ्या हरभऱ्याचे टहाळे भाजत होते. ते आम्ही गाडीतच सोलून खाल्ले, सगळ्यांचे ओठ काळे झाले. गोदामात पोत्यांवर माणसं बसलेली. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा आणि त्यात गव्हाचा भुसा तरंगणारा. नाटक बाप-लेकाचं होतं, लेखनही अविनाशचंच. बाप काही बोलायचा थांबला, की लगेच पेटी वाजायची. लेक खिडकीशी जाऊन उभा राहिला, की पेटी. पहिल्या दहा मिनिटांनंतर मी पेटीचीच वाट बघू लागले होते. बायकोने असं लिहू नये, पण मला ते नाटक आवडलं नव्हतं.

नाटक संपलं. पोती सरकवून सगळे गोल बसले. देपालपुरचे शेतकरी, हमाल, व्यापाऱ्याच्या घरातल्या बायका, एकेक जण बोलला. शेवटी मादाम. अविनाशच्या हातावर रंगाचे डाग होते. तो मादामकडे नाही, माझ्याकडे बघत होता. दुभाष्याकडेच बघतात सगळे. परक्या भाषेतला आवाज संपायची वाट बघत माझ्या चेहऱ्याकडे.

मादाम म्हणाल्या, आणि हे मी पहिल्यांदाच मराठीत जसंच्या तसं लिहिते आहे: "हा माणूस शांततेला घाबरतो. हा दिग्दर्शक नाही आणि होणार नाही. पण आज त्याने इतकी माणसं एका गोदामात आणली, सगळ्यांना चहा मिळाला का ते स्वतः पाहिलं, हमालाला पुढे बसवलं. त्याने नाटक बसवणं सोडावं आणि घर सांभाळावं. तो माझ्या जातीचा आहे."

मी म्हटलं, "मादाम म्हणतात, तुम्ही थांबू नका. या गावाला तुमच्या नाटकाची गरज आहे."

ठरवून म्हटलं नाही. पण चुकून म्हटलं असंही नाही. मादामनी आपल्या तोंडचा सगळ्यात मोठा मान त्याला दिला होता, आणि मला त्यात फक्त "सोडावं" एवढंच ऐकू आलं. घर सांभाळणं हा मान असतो, हे तेव्हा मला पटणारं नव्हतं. माझी उभी हयात घर सांभाळण्यात चालली होती, आणि त्याबद्दल पोत्यांच्या गोलात कुणी काही बोललं नव्हतं.

फेब्रुवारीत मादाम परत गेल्या. दोन वर्षांनी अविनाशला बँकेत बढती आली, भोपाळला. त्याने नाकारली. बँकेतल्या मित्राने घरी येऊन समजावलं, "जोशीजी, आप समझदार आदमी हो." तो हसून म्हणाला, "मेरेको बोला गया है, थांबू नका." मित्राने माझ्याकडे बघितलं. मी चहा आणायला आत गेले.

तेव्हापासून दर हिवाळ्याला एक नवं नाटक. मंडळाचं सभागृह सुरुवातीला भरायचं; मग पुढच्या चार रांगा; मग आम्हीच आणि नटांचे नातेवाईक. तो थांबला नाही. वाईट परीक्षण आलं, की कात्रण घडी करून खिशात ठेवायचा आणि म्हणायचा, "यांनी मादामला ऐकायला पाहिजे होतं." गिरणीच्या दाराबद्दल कुणी विचारलं, की म्हणायचा, "ते प्रशासनाचं काम, ते आपलं नव्हे." ते धुराडं पुढे पाडलं. आता तिथे काय होणार आहे त्याची पाटी लागली आहे. मी ती वाचलेली नाही.

गेल्या महिन्यात पुस्तकांच्या कामासाठी भंवरकुआंकडे गेले होते. कोचिंगच्या इमारतींच्या मधे एका तळघरात कुणाचंतरी नाटक होतं, म्हणून आत डोकावले. संपल्यावर त्या मुलामुलींनी बघता बघता खुर्च्या गोल मांडल्या. मी एकीला विचारलं, "ही पद्धत कुणाची?" ती म्हणाली, "आंटी, यहाँ तो ऐसे ही होता है." माणसाचा प्रभाव म्हणजे हेच असेल तर ते छानच आहे, पण मग जे मधेच अडवलं गेलं, ते कुठे शोधायचं?

अविनाश गेल्याचं मी मादामना कळवलं. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत, आपल्या गिरणगावातच असतात. उत्तर लगेच आलं. चार ओळी सांत्वनाच्या, आणि सोबत एक प्रकरण. त्यांच्या कामाच्या आठवणींचं पुस्तक छापायला गेलं होतं, त्यातलं हे प्रकरण अविनाशवर होतं.

त्यांनी लिहिलं होतं, की इंदूरजवळच्या एका गोदामात मी एका माणसाला सगळ्यांदेखत सांगितलं, की दिग्दर्शन सोड. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं, मला नमस्कार केला. आणि त्यानंतर वीस वर्षं तो नाटकं करत राहिला. दर वर्षी मला निमंत्रणपत्रिका पाठवत राहिला. त्या पत्रिकांनी मला शिकवलं, की आमच्यासारख्यांनी कुणालाही थांब म्हणू नये. तेव्हापासून मी कुणालाच म्हटलं नाही. माझ्या नाट्यगृहात नंतर ज्यांना जागा मिळाली, त्यातल्या कित्येकांना ती इंदूरच्या त्या माणसामुळे मिळाली. निकाल ऐकूनही चालत राहण्याचं असं धैर्य मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही.

मी ते तीनदा वाचलं. माझं फ्रेंच आता गंजलं आहे, म्हणून शब्दकोश घेऊन पुन्हा वाचलं. कुठेही वेगळा अर्थ निघेना.

ही गोष्ट रघूला कळायला नको होती, पण मादामनी मंडळालाही पत्र पाठवलं होतं. रघू म्हणजे देपालपुरच्या त्या नाटकात लेकाचं काम करणारा. त्याचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते; तो राजवाड्याजवळ साड्यांचं दुकान चालवतो. आता स्वतः आजोबा झालाय. दारातूनच म्हणाला, "वहिनी, मैडमजींनी दादांवर पूरा चैप्टर लिखा है, फ्रान्समध्ये. अपने दादा पर. मंडळाच्या स्मरणिकेत छापायचंच. तुम्ही मराठी करून द्या, आठ दिवसांत."

"माझं फ्रेंच राहिलं नाही आता, रघू."

"क्या बात करते हो वहिनी. मैडमजी मुँह उघडायच्या आधी तुमचं मराठी तयार असायचं."

तो चेष्टा करत होता. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, देपालपुर आठवतं का. त्याला सगळं आठवत होतं, टहाळ्यांनी काळे झालेले ओठसुद्धा. मग म्हणाला, "एक सांगू? मेरेको तो उस दिन लगा था, दादांना डांट पडतेय. मैडमजी हात असा कापल्यासारखा हलवत होत्या. आणि तुम्ही म्हणालात, थांबू नका. मी परत येताना दादांना बोललो पण, की दादा, चेहरा कुछ और बोल रहा था."

"मग?"

"मग काय. दादा म्हणाले, 'तुझी वहिनी सांगते तेवढं पुरे.'"

रघू गेल्यावर मी टेबलाशी येऊन बसले. तेवढं पुरे. विश्वास ठेवणारा माणूस असं म्हणतो. आणि ज्याला कळलेलं असतं, पण आणखी कळायला नको असतं, तोही असंच म्हणतो. अविनाशचा आवाज त्या वाक्यात कसा लागला असेल, ते रघूच्या आवाजातून मला ऐकू येईना. वीस वर्षं तो माणूस माझ्यासमोर जेवला, माझ्या शेजारी झोपला. कधीही विचारता आलं असतं.

आठ दिवस मी भाषांतर केलं. ग्रंथपालाच्या सवयीने, एकेक शब्द तपासून. गोदामातलं वाक्य आलं तेव्हा पेन अडलं, पण पुढे गेलं. जे होतं ते लिहिलं. सोडावं, ते सोडावं. होणार नाही, ते होणार नाही. रघूच्या दुकानात जाऊन कागद दिले. त्याने गिऱ्हाईक पुतण्याकडे सोपवलं आणि गादीवर बसून वाचलं. त्या वाक्याशी तो थांबला, ते मला दिसलं. वर बघितलं नाही. शेवटपर्यंत वाचून कागद नीट जुळवले, त्यांच्यावरून हात फिरवला.

"वहिनी," तो म्हणाला, "स्मरणिकेची पानं तर कमीच आहेत. मी काय म्हणतो, दादांचा फोटो पूर्ण पान घेऊ. मोठा. मग याला जागा राहणार नाही."

"रघू, ते खरं आहे."

"मी कहाँ बोल रहा हूँ की खोटं आहे." त्याने कागद माझ्या पिशवीत परत ठेवले आणि पुतण्याला चहा सांगितला. "आलं टाकून. वहिनींना आल्याचा लागतो."

त्याच्यावर रागावता येईना. त्याने तेच केलं होतं, जे मी केलं. या गावात माणसाला उघडं पाडत नाहीत. वर काहीतरी घालतात. फोटो, शाल, एखादं वाक्य.

मग मी मादामना लिहिलं. सगळं लिहिलं. फ्रेंचमध्ये मला आता सौम्य शब्द आठवत नाहीत, त्यामुळे ते पत्र फार कोरडं झालं. तुमचं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही. मी पोहोचू दिलं नाही. तो धीराचा होता की नाही हे आता कुणीच सांगू शकणार नाही, कारण त्याला धीर दाखवायची वेळच मी येऊ दिली नाही. पत्र पाठवल्यावर मला वाटलं होतं, हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

काल उत्तर आलं. मादामनी लिहिलं आहे, की पुस्तक छापून झालं आहे, त्यात आता बदल होणार नाही. त्याबद्दल त्यांना वाईट वाटतं की बरं वाटतं, हे त्या अजून ठरवू शकलेल्या नाहीत. माझ्यावर एक शब्दही नाही. फक्त शेवटी विचारलं आहे, "तुम्ही त्याची सगळी नाटकं पाहिलीत. मी एकच पाहिलं. त्या दिवशी मी चुकले होते का? नंतर तो दिग्दर्शक झाला का?"

आज सकाळपासून मी उत्तर लिहिते आहे. सगळी नाटकं आठवून पाहिली. एक हिवाळा, दुसरा हिवाळा. कुठे एखादा प्रवेश, कुठे एखादी नटी, कुठे पडद्याचा चांगला रंग. त्यांच्याबद्दल लिहायला गेले आणि लक्षात आलं, मी पुन्हा वर काहीतरी घालते आहे. मग सगळं खोडून एवढंच ठेवलं, की नाही, तो झाला नाही. फ्रेंचमध्ये ते फार लहान वाक्य आहे.

पाठवण्याआधी ते मराठीत कसं वाटतं, म्हणून मी मोठ्याने म्हणून पाहिलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तरी आवाज खाली आणूनच म्हटलं.